दोन नळ्या, एक आकडा

बीड जिल्ह्यात आमच्या घरची बोट आहे असे सांगितले, की ऐकणारा आधी हसतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा, टँकरच्या पाण्याचा, जनावरांच्या छावण्यांचा हा जिल्हा. इथे बोट कशावर तरंगणार? पण माजलगावला सिंदफणा अडवली आणि नजरेत मावणार नाही एवढे पाणी उभे राहिले. पाण्यामागोमाग मासेमारी आली, मासेमारीमागोमाग होड्या आणि तराफे आले, आणि क्वचित कुठे एखादे इंजिनही आले. माझ्या भाच्याने तिघांच्या भागीत अशीच एक जुनी बोट घेतली. कोकणातून ती ट्रकवर घालून आणली. आत मोटारीचे जुने डिझेल इंजिन. पंपाने धरणाचेच पाणी ओढून ते थंड ठेवायचे. आणि सुकाणूजवळच्या फळीवर, इंजिन किती तापले ते दाखवणारा एक काटा. या लेखाचे मूळ त्या काट्यात आहे.

मे महिन्यातली दुपार होती. बोट काठापासून दोन-अडीच किलोमीटर आत. माणसे सहा, आणि त्यांत सुट्टीत हट्टाने आलेली दोन शाळकरी पोरे. काटा रोजच्यासारखा सत्तरवर. आधी रंग जळाल्यासारखा वास आला, मग इंजिनाच्या झाकणाखालून वाफ. काटा सत्तरवरच. भाच्याने वेळीच इंजिन बंद केले म्हणून ते जाम होता होता राहिले. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी आणि शेवाळाचा गोळा अडकला होता, हे नंतर कळले. समोरून वारा सुटलेला. वल्ही मारत काठाला लागेपर्यंत अंधार पडला, आणि तोवर काठावर पोरांच्या आया उभ्या होत्या. त्या संध्याकाळी तिथे काय बोलणे झाले ते सांगण्यात अर्थ नाही.

नळीत पिशवी अडकली हा काही काट्याचा दोष नव्हे. पण अशा वेळी सांगायलाच तर काटा बसवलेला असतो.

मग मेकॅनिक झाले. एकाने काटा बदलायला सांगितला, दुसऱ्याने सेन्सर, तिसऱ्याने सगळी वायरिंग. चौथ्याने तर काटा काढूनच टाका, हात लावून इंजिन कळते, असा सल्ला दिला. नवा काटा आणून बसवला, तोही सत्तरवर जाऊन बसला. शेवटी भाचा माझ्याकडे आला, कारण तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले एवढीच माझी लायकी. इंजिनातले मला फार कळत नाही. पण एक साधी गोष्ट करून पाहिली. सेन्सरची वायर काढली, तेव्हा काटा तळाला गेला. तीच वायर इंजिनाच्या अंगाला टेकवली, तेव्हा तो सरळ वरच्या टोकाला गेला. म्हणजे काटा धड होता, वायरही धड होती. राहिला सेन्सर.

तो काढून घरी आणला. स्टोव्हवर पातेले ठेवले, आडव्या लाकडी चमच्याला सेन्सर आणि माझा प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर असे दोन्ही शेजारी शेजारी बांधून पाण्यात सोडले. सेन्सरच्या टोकाची वायर काट्याला, अंगाची वायर बॅटरीला. पाणी तापू लागले तसा काटा आणि पारा दोघेही हातात हात घालून चढू लागले. पाणी खळाखळा उकळले तेव्हा पारा साडेअठ्ठ्याण्णवला थांबला, काटाही तिथेच. भाच्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. पाणी शंभरला उकळते हे मामा, तुम्हीच आम्हाला शिकवले, मग हा तुमचा थर्मामीटरही बिघडलेलाच म्हणायचा, असे त्याचे म्हणणे पडले.

त्याचे उत्तर मी त्याला दिले, पण ते देताना मला ज्याची आठवण झाली त्या माणसाची हकिगत मी कधी वर्गात नीट सांगितली नव्हती. नाव आपल्या सर्वांच्या घरात आहे. उन्हाळ्यात बेचाळीस अंश पारा चढला असे आपण म्हणतो तेव्हा तो सेल्सियसचा. पण पोराला रात्री एकशे दोन ताप चढला असे आई म्हणते तेव्हा तो फॅरनहाइटचा. एकाच घरात दोन हिशेब सुखाने नांदतात. आमच्या पिढीने काखेत धरलेल्या त्या काचेच्या नळीवर साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास एक लाल बाण असे. तो ओलांडला की शाळेला सुट्टी. पाऱ्याची ती नळी आता घराघरांतून जात चालली आहे, बटण दाबले की आकडा दाखवणारी आली आहे. तरी फॅरनहाइट तिच्यातही आहेच.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ सालच्या २४ मे रोजी डान्झिग येथे जन्मला. बाल्टिक समुद्रावरचे हे भरभराटीचे बंदर तेव्हा पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते. आज त्याचे नाव ग्दान्स्क. घर जर्मन बोलणारे, व्यापाऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. पाच भावंडांत हा थोरला. त्याला चांगल्या शाळेत घालायचे बेत चालले होते. १७०१ सालच्या ऑगस्टमध्ये एके दिवशी घरात अळंबीचा पदार्थ झाला. पावसाळ्यात आपल्याकडेही रानातून अळंबी येते आणि जाणती बाई ती पारखून घेते; चुकीची निवडली तर काय होते हे सांगायला नको. १४ ऑगस्टला फॅरनहाइटचे वडील गेले आणि त्याच दिवशी आईही गेली. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा होता.

मुलांवर पालक नेमले गेले. ते दुष्ट नव्हते, व्यवहारी होते. धाकट्या भावंडांची सोय लावली आणि थोरल्याला शिक्षणाऐवजी आम्सटरडॅमला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवले. हिशेब लिहायचे, मालाची नोंद ठेवायची, चार वर्षांनी व्यापारी म्हणून उभे राहायचे. पोरक्या मुलासाठी याहून सुरक्षित वाट कोणती? आपल्याकडेही मामा-काकांनी असेच केले असते. दुकानात चिकटवले असते.

पण आम्सटरडॅम हे त्या काळी उपकरणांचे गाव होते. जहाजांना दुर्बिणी लागत, होकायंत्रे लागत, वाळूची घड्याळे लागत. काच फुंकणारे, पितळ घासणारे, भिंगे उगाळणारे कारागीर तिथे होते. इटलीत फ्लॉरेन्सला तयार होऊ लागलेल्या, मद्यार्क भरलेल्या काचेच्या नळ्या तिथे विकायला येत आणि त्यांनी या मुलाचे लक्ष ओढून घेतले. उष्णता वाढली की नळीतला द्रव चढतो, कमी झाली की उतरतो. मौजेची वस्तू. पण तिच्यात एक मोठी खोट होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

खोट अशी, की कोणत्याही दोन नळ्यांचे आपसांत पटत नसे. प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीने रेघा मारी. कोणी आपल्या गावच्या कडक थंडीचा एक दिवस आणि कडक उन्हाचा एक दिवस धरून मधले भाग पाडी. कोणी लोणी वितळते त्या ठिकाणी खूण करा म्हणे. कोणाला पॅरिसच्या वेधशाळेचे खोल तळघर पसंत होते, कारण तिथली हवा बारा महिने सारखी असते. आता कुणाचे लोणी आणि कुणाचे तळघर? एका विद्वानाने दुसऱ्याला पत्रातून कळवावे, की आज माझ्याकडे पन्नास अंश आहे, आणि दुसऱ्याने नुसती मान डोलवावी. त्याच्या पन्नासचा याच्या पन्नासशी काही संबंध नसे. गावोगावी शेर आणि पायली वेगळी असली म्हणजे बाजारात जे होते तेच.

ही खोट काढायची, एवढे एकच वेड त्या मुलाच्या डोक्यात शिरले. चार वर्षांची उमेदवारी संपली, पण तो व्यापारी झाला नाही. काच आणि द्रव विकत घ्यायला पैसे लागत; ते त्याने वडिलांच्या इस्टेटीतला आपला वाटा पुढे मिळणार आहे या भरवशावर कर्जाने घेतले. कर्जाच्या चिठ्ठ्या पालकांकडे येऊ लागल्या. पालकांचा धीर सुटला आणि १७०७ मध्ये त्यांनी त्याच्या अटकेचा हुकूम मिळवला. पकडायचे आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लावून पूर्वेकडे पाठवून द्यायचे, असा बेत होता. पूर्वेकडे म्हणजे आपल्याच बाजूला, जावा बेटांकडे. त्या जहाजांवर चढलेल्यांपैकी पुष्कळजण कधी परत येत नसत. तापाने, अतिसाराने, समुद्राने जात. वात्रट मुलाला वळण लावायची ही त्या काळची रीत होती.

एकवीस वर्षांचा फॅरनहाइट हाती लागला नाही. तो फिरत राहिला. जर्मनीतली गावे, डेन्मार्क, स्वीडन. या भटकंतीत तो पोट कसे भरत असेल याची कल्पनाच करावी. पण जिथे जिथे कोणी उष्णता मोजतो आहे असे कळे, तिथे तो जाऊन थडके.

१७०८ मध्ये तो कोपनहेगनला पोहोचला. तिथे ओले रोमर होता. गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे पाहून प्रकाशाला वेग असतो हे १६७६ मध्ये दाखवून देणारा हा ज्योतिर्विद आता त्या शहराच्या कारभाराचा धनी झाला होता. रस्ते, दिवे, पाणी सगळे पाहत होता. अशा बड्या माणसाच्या दारात, अटकेच्या हुकुमाने मागे लागलेला, नाव नसलेला एक पोरगा जाऊन उभा राहिला आणि रोमरने त्याला आत घेतले. फॅरनहाइट सकाळी गेला तेव्हा रोमरने बऱ्याचशा नळ्या बर्फ घातलेल्या पाण्यात उभ्या केल्या होत्या. द्रव जिथे थांबला तिथे प्रत्येकीवर खूण झाली. मग त्याच सगळ्या नळ्या अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात बुडवल्या, दुसरी खूण केली, आणि त्या दोन खुणांच्या आधाराने भाग पाडले.

एवढेच. पण यातच सगळे आले. उन्हाळा नको, तळघर नको, लोणी नको. बर्फ वितळत असलेले पाणी डान्झिगला तेच आणि कोपनहेगनला तेच. निरोगी माणसाच्या अंगाची ऊब राजाची तीच आणि हमालाची तीच. नळी कोणीही करो, त्या दोन ठिकाणी ती त्याच खुणेवर आली पाहिजे. मी वर्गात हे शिकवताना स्थिरबिंदू असा जड शब्द वापरून मोकळा होत असे; कोपनहेगनची ती सकाळ सांगितली असती तर मुलांच्या जास्त लक्षात राहिले असते, असे आता वाटते.

रोमरच्या मोजपट्टीत पाणी गोठण्याची खूण साडेसातवर येई आणि अंगाची ऊब साडेबावीसवर. फॅरनहाइटला हे अर्धे आकडे अडचणीचे वाटले. त्याने प्रत्येक अंशाचे चार भाग केले, म्हणजे तीस आणि नव्वद झाले. पुढे तेही बदलून बत्तीस आणि शहाण्णव केले. लोकांना बत्तीस हा आकडा फार विचित्र वाटतो, पण कारागिराच्या हाताने पाहिले तर त्यात शहाणपण आहे. बत्तीस ते शहाण्णव यांत अंतर चौसष्टचे. ते अंतर सहा वेळा निम्मे निम्मे करत गेले की एकेक अंश पडतो. शिंप्याला कापड निम्मे दुमडणे जेवढे सोपे, तेवढे हे सोपे. दहा सारखे भाग पाडायला सांगा, त्याचीही कात्री अडखळेल. शून्याची खूण त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला दिली, म्हणजे रोजच्या थंडीत उणे आकडे लिहावे लागू नयेत.

१७१० मध्ये तो चोवीस वर्षांचा झाला. डान्झिगच्या कायद्याने सज्ञान. गावी जाऊन आपला वाटा घेतला. आता अटकेची भीती नव्हती. मनात आणले असते तर त्या पैशांवर घर बांधता आले असते, लग्न करता आले असते. त्याने ते पैसे काचेत आणि पाऱ्यात घातले. लग्न त्याने शेवटपर्यंत केले नाही. काच फुंकण्याचे काम तो स्वतः शिकला, कारण दुसऱ्याने फुंकलेल्या नळीचे भोक वरपासून खालपर्यंत सारखे आहे याची खात्री कोण देणार? आणि भोक सारखे नसेल तर रेघा कितीही सारख्या मारा, मोजमाप खोटेच.

१७१४ साली त्याने दोन थर्मामीटर तयार केले आणि हाले येथील विद्वान क्रिस्तियान वोल्फ याच्या हाती दिले. दोन्ही मद्यार्काचे. वोल्फने ते पाण्यात घातले, उन्हात ठेवले, थंडीत ठेवले. जिथे ठेवावे तिथे दोन्ही नळ्या एकच आकडा दाखवत. आज हे वाचताना कोणाला काही वाटणार नाही. दोन थर्मामीटर सारखेच असायचे, त्यात काय? पण युरोपात तेव्हा शंभर वर्षे थर्मामीटर बनत होते आणि एकमेकांशी पटणारी जोडी पाहायला मिळणे ही नवलाची गोष्ट होती. वोल्फने त्यावर मुद्दाम लेख लिहून छापला. तीस वर्षेही पूर्ण न झालेला, पदवी नसलेला, घर नसलेला हा माणूस त्या लेखाने विद्वानांच्या जगात ओळखला जाऊ लागला.

पुढे त्याने मद्यार्क सोडून पारा घेतला. मद्यार्क लवकर उकळतो, त्यामुळे फार उष्ण वस्तूत त्याचा उपयोग नाही. पारा बराच वरपर्यंत आणि बराच खालपर्यंत द्रव राहतो. पण मळका पारा काचेला चिकटतो आणि नळीत अडकत अडकत चढतो. तो कसा स्वच्छ करावा याची रीत फॅरनहाइटने बसवली. नळीच्या तळाचा फुगा त्याने गोल न ठेवता लांबट केला, म्हणजे बाहेरची उष्णता आत लवकर पोहोचते. आपल्या तापाच्या थर्मामीटरचे चंदेरी टोक लांबट असे, ते या माणसाकडून आले आहे.

तो हॉलंडमध्ये स्थिरावला. १७१८ पासून आम्सटरडॅमला रसायनशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला आणि थर्मामीटर, वायुभारमापक, द्रवाची घनता मोजायची उपकरणे करून विकू लागला. ज्या गावात त्याला हिशेब लिहायला पाठवले होते तिथेच. याच काळात, १७२१ मध्ये, पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठता राहू शकते आणि जरा धक्का लागताच त्यात एकदम बर्फाचे स्फटिक धरतात हे त्याला दिसले. १७२४ मध्ये तो लंडनला गेला, रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि त्याचे पाच छोटे निबंध तिथल्या नियतकालिकात छापून आले. त्याने आयुष्यात छापले ते एवढेच.

त्या निबंधांत माझ्या भाच्याचे उत्तर आहे. निरनिराळे द्रव किती उष्णतेला उकळतात ते फॅरनहाइटने मोजले. पाण्याचा आकडा दोनशे बारा आला. पण तोच प्रयोग वेगळ्या दिवशी करावा, तर आकडा किंचित सरके. दुसरा कोणी असता तर नळीत दोष आहे म्हणून ती फोडून नवी केली असती. त्याचा आपल्या नळीवर विश्वास होता, आणि तो विश्वास त्याने दहा ठिकाणी तपासून कमावलेला होता. म्हणून त्याने पाण्याकडे संशयाने पाहिले. हवेचा दाब ज्या दिवशी कमी त्या दिवशी पाणी लवकर उकळते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने हा प्रकार उलटा फिरवून पाण्याच्या उकळण्यावरून हवेचा दाब सांगणारे उपकरणही सुचवले.

हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो. आमचे माजलगाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून अधिक उंचीवर. पुस्तकातले शंभर अंश समुद्रकाठचे आहेत. आमच्या पातेल्यात पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळले, ते बरोबरच उकळले. ज्या बोटीचा काटा तपासत होतो ती कोकणात असताना तिच्या काठावरचे पाणी शंभरला उकळत असणार. भाच्याला हे पटले, पण आपण लहानपणी परीक्षेत लिहिलेले उत्तर चुकीचे होते काय, हे त्याने दोनदा विचारले.

आता फॅरनहाइटच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग. लायडनला हेरमान बुरहावे हा वैद्यक आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. युरोपभरातून विद्यार्थी त्याच्याकडे येत. त्याने फॅरनहाइटकडून दोन थर्मामीटर मागवले, एक मद्यार्काचा, एक पाऱ्याचा. आणि त्याच्या लक्षात आले, की दोघांचे तंतोतंत जुळत नाही. थोडासाच फरक, पण फरक. ज्याचे सगळे नाव दोन नळ्या जुळवण्यावर उभे, त्याच्या दोन नळ्या जुळत नाहीत म्हणून सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार! विकणाऱ्याने काय करावे? चालायचेच, एवढे कोण बघतो, असे म्हणता आले असते. फॅरनहाइटने ते मान्य केले आणि कारण शोधायला बसला. त्याला आढळले, की दोन्ही नळ्यांची काच एका ठिकाणची नाही. उष्णतेने नुसता द्रव फुगत नाही, काचही फुगते, आणि दोन प्रकारच्या काचा सारख्या फुगत नाहीत. इतक्या वर्षांत सगळ्यांचे लक्ष आतल्या द्रवाकडे होते. भांड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

हे निदान पुरते नव्हते, असे आज म्हणावे लागेल. मद्यार्क आणि पारा हे दोघेही सर्व उष्णतेला एकाच चालीने फुगत नाहीत, आणि फरकात त्याचाही वाटा होता. तरी काचेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा तो होता, आणि चांगला थर्मामीटर करणारे त्यानंतर काच निवडून घेऊ लागले.

तो प्रसंग सांगता सांगता मला आमच्या सेन्सरचे कोडे सुटले. पातेल्यात काटा बरोबर, इंजिनावर चूक. मग फरक कशात? सेन्सर तोच, काटा तोच, वायर तीच. फरक फक्त बसवण्यात. इंजिनावर सेन्सरला एकच वायर असते. परतीची वाट म्हणजे इंजिनाचे लोखंड. पातेल्यात ती वाट आम्ही वेगळी वायर जोडून दिली होती. सेन्सर आट्यांतून पाणी गळू नये म्हणून कोणीतरी त्याच्यावर नळाला लावतात ती पांढरी टेप चांगली सात-आठ वेढे गुंडाळून बसवला होता. टेपने पाणी थांबवले आणि विजेची वाटही अर्धीमुर्धी बंद केली. वाट अरुंद झाली की काट्याला इंजिन थंड आहे असे वाटते. टेप खरवडून काढली, आटे तारेच्या ब्रशने घासले, सेन्सर नुसताच घट्ट बसवला. काटा नव्वदपर्यंत चढून खाली आला. पातेल्यातल्या काट्याशी आता त्याचे पटत होते. चार मेकॅनिक आणि एक नवा काटा यांचा खर्च काढला तर तो बराच झाला होता. टेप दहा रुपयांची.

फॅरनहाइटचा खर्च मात्र कधी भरून निघाला नाही. थर्मामीटर उत्तम होते, पण एकेक नळी हाताने फुंकून, पारा स्वतः गाळून, दोन-दोन ठिकाणी तपासून किती विकणार? नाव रॉयल सोसायटीच्या यादीत आणि खिसा रिकामा, अशी त्याची अवस्था राहिली. शेवटी शेवटी त्याने पाणी उपसण्याचे एक यंत्र योजले. हॉलंडची जमीन समुद्राच्या पातळीखाली. शेतातले पाणी बाहेर फेकले नाही तर देश बुडायचा. आपण पाणी आणण्यासाठी पंप शोधतो, ते पाणी घालवण्यासाठी शोधत. या यंत्राचा हक्क सरकारकडून मिळाला असता तर कदाचित दोन पैसे हाती आले असते. १७३६ च्या ऑगस्टमध्ये तो त्यासाठी द हेग शहरी येऊन एका ओळखीच्या घरी उतरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला आजारी पडला. ७ तारखेला नोटरीला बोलावून मृत्युपत्र केले, ११ तारखेला त्यात थोडा बदल केला आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी तो गेला. वय पन्नास. चार दिवसांनी तिथल्या एका चर्चमध्ये त्याला पुरले. अंत्यविधी चौथ्या दर्जाचा, म्हणजे ज्याच्यामागे काहीच नाही अशा माणसाचा. त्याचे एकही खरे चित्र उपलब्ध नाही; आपल्याला त्याचा चेहरा माहीत नाही.

सहा वर्षांनी, १७४२ मध्ये, स्वीडनच्या सेल्सियसने शंभर भागांची मोजपट्टी मांडली. गंमत म्हणजे त्याने पाणी गोठण्याला शंभर आणि उकळण्याला शून्य धरले होते. ते नंतर उलटवण्यात आले. १७७७ मध्ये रॉयल सोसायटीच्या समितीने थर्मामीटरवर उकळण्याची खूण करताना हवेचा दाब किती धरावा याचे नियम घालून दिले. फॅरनहाइटच्या शहाण्णवची जागाही सरकली. त्याचा स्थिरबिंदू म्हणजे अंगाची ऊब, ती नव्या हिशेबात अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेली आणि त्या बाणापाशी येऊन थांबली, जो ओलांडला की आम्हाला शाळेला सुट्टी असे. त्याच्या हातचे पाऱ्याचे थर्मामीटर लायडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.

भाच्याने काट्याच्या काचेवर साडेअठ्ठ्याण्णवपाशी पांढऱ्या रंगाने एक बारीक रेघ ओढली आहे. माझा काचेचा थर्मामीटर त्याने परत दिलेला नाही. सुकाणूखालच्या खणात तो पत्र्याच्या नळकांड्यात, कापसात गुंडाळून असतो. दर पंधरा दिवसांनी काठावर पातेले चढते. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा त्या दिवशी बोटीत असलेल्या दोन पोरांतला धाकटा पातेल्याशी बसला होता, आणि ढग भरून आले होते म्हणून आज आकडा किती खाली येईल यावर त्याने थोरल्याशी पैज लावली होती.